सर्व्हरचा किल्लेदार कोण?

२०२२ सालच्या जून महिन्याच्या २१ तारखेस, मध्यरात्र उलटल्यापासून पहाटेचे दोन वाजेपर्यंतच्या अवधीत, म्हणजे मृग सरून आर्द्रा लागण्याच्या ज्या दिवसांत कोकणातला शेतकरी काय आणि मामलेदार काय, प्रत्येकजण नदीच्या पाण्यावर डोळा ठेवून असतो त्याच दिवसांत, गोव्याच्या जलसंपदा खात्याच्या पणजी येथील सर्व्हरमध्ये कोणी अज्ञात लोक शिरले, तेथल्या झाडून साऱ्या फायली त्यांनी सांकेतिक लिपीत कोंडून टाकल्या, आणि त्या मोकळ्या करून हव्या असल्यास बिटकॉइनच्या रूपाने खंडणी पोचती करावी अशी मागणी मागे ठेवून ते निघून गेले. हा सर्व्हर काही सिनेमाच्या तिकिटांचा नव्हता. गोव्यातील प्रमुख नद्यांवर १५ ठिकाणी बसविलेली यंत्रे पाण्याची जी वर्दी पाठवीत, ती जमा करण्याचे आणि पुराची चाहूल वेळेवर देण्याचे काम त्याच्या माथी होते. खात्याने पोलिसांकडे जी तक्रार गुदरली तीत या प्रकाराची कारणे फार सरळपणे नमूद झाली: सर्व्हर चोवीस तास इंटरनेटला जोडलेला होता, त्यावर अँटिव्हायरस नव्हता, आणि त्याच्यापुढची फायरवॉल जुनाट झालेली होती.

आमच्या देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरास बसून ही हकीगत वाचणाऱ्याने ती परराज्याची म्हणून बाजूस सारण्याचे कारण नाही. सावंतवाडी तालुक्यातून बांद्यावरून खाली उतरणारी नदीच पुढे तेरेखोल या नावाने गोव्याच्या सरहद्दीवर समुद्रास मिळते, आणि दोडामार्गातली तिलारी शापोराच्या पात्रात जाते. पाणी आमच्याकडचेच, यंत्रे त्यांच्याकडची, एवढाच काय तो भेद. पण माझा मुद्दा भूगोलाचा नाही. त्या तक्रारीतील तीन कारणांपैकी एकही कारण असे नाही की जे दूर करण्यास अलौकिक बुद्धिमत्ता लागावी. चोरी झाली म्हणजे चोराच्या चातुर्याची तारीफ करून मोकळे होण्याची आपल्याकडे एक जुनी खोड आहे, आणि 'हॅकर' हा शब्द आल्यापासून तर या खोडीस मोठीच प्रतिष्ठा लाभली आहे. परंतु अशा बहुतेक प्रकरणांचे कागद उलगडून पाहिले, तर त्यांत चातुर्य थोडे आणि हलगर्जी फार, असेच आढळून येते. ती हलगर्जी कोणाची, हा प्रश्न मात्र पंचनाम्यात क्वचितच विचारला जातो, आणि विचारला गेला तर त्याचे उत्तर सर्वांत कनिष्ठ पायरीवर उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात अडकवून प्रकरण मिटविले जाते. प्रस्तुत लेखाचा विषय ही उत्तर देण्याची रीतच आहे.

सर्व्हर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून, कोणी काही मागितले असता ते काढून देण्यासाठी अहोरात्र जागे राहणारे एक यंत्र होय. सातबाराचा उतारा, परीक्षेचा निकाल, निवास-न्याहारीच्या खोलीचे आरक्षण, बँकेतली शिल्लक, या सर्व गोष्टी आज अशाच कोठल्यातरी यंत्राच्या पोटात असतात, आणि तलाठ्याच्या कचेरीपुढे ताटकळणाऱ्या माणसास 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आता पूर्वीच्या 'साहेब दौऱ्यावर आहेत' या वाक्याइतकेच परिचयाचे झाले आहे. परंतु जे यंत्र मागणाऱ्यास देण्यासाठी जागे असते, ते चोरासही तितक्याच तत्परतेने ओ देते. हे किती अक्षरशः खरे आहे याचा प्रत्यय मला आमच्या वाडीतील एका तरुणाकडे आला. हा मुलगा मुंबईच्या एका कंपनीचे सर्व्हर घरबसल्या सांभाळतो, महावितरणने दया केली तर दिवसा आणि न केली तर इन्व्हर्टरवर. त्याने एकदा मला सर्व्हरची रोजनिशी, जीस ते लोक लॉग म्हणतात, पडद्यावर उघडून दाखविली. एकाखाली एक ओळी सरकत होत्या. प्रत्येक ओळीत वेळ, कोठल्यातरी परदेशी यंत्राचा आकड्यांतला पत्ता, आणि त्याने मागितलेल्या फायलीचे नाव. ते संकेतस्थळ वर्डप्रेसवर बांधलेले नसूनही कोणीतरी वर्डप्रेसचे लॉगिनचे पान मागत होता. कोणी डेटाबेसच्या कारभाराचे पान चाचपीत होता. कोणी ज्या दडविलेल्या फायलीत बेसावध माणसे पासवर्ड लिहून ठेवतात तीच नेमकी नाव घेऊन विचारीत होता. शेजारच्या चौकटीत सर्व्हरवर थेट प्रवेश मागणाऱ्यांची रांग लागली होती, आणि ते 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट' अशी नावे सांगून एकामागून एक पासवर्ड लावून पाहत होते. मी काळजीच्या स्वरात हल्ला चालला आहे काय असे विचारता तो हसून म्हणाला, "काकानू, ह्यां रोजचांच आसा. दार उघडां ऱ्हवलां काय, ह्यां बघूक येतत."

त्या मुलाच्या बोलण्यात सर्व्हरच्या सुरक्षेचे निम्मे शास्त्र आले. येणारे बहुतेक पाहुणे माणसे नसतात. आज्ञावलीने चालणारी यंत्रे साऱ्या जगातले पत्ते ओळीने तपासत हिंडत असतात, आणि देवगड तालुक्यातील एखाद्या खानावळीचे संकेतस्थळ काय किंवा मुंबईतील एखादी पेढी काय, त्यांना सारखेच. 'आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?' हा जो प्रश्न गावोगावी ऐकू येतो, त्याचे उत्तर असे की तुमचे चोरण्यासारखे काही नसले तरी तुमचे यंत्र आणि तुमचे नाव ही दोन्ही कामास येतात. २०२४ साली निरनिराळ्या राज्यांच्या शासकीय संकेतस्थळांच्या पोटात सट्ट्याच्या आणि जुगाराच्या जाहिराती नेऊन बसविल्याचे उघडकीस आले, तेव्हा चोरांना त्या खात्यांच्या परिपत्रकांत तिळमात्र रस नव्हता. त्यांना हवा होता तो शासनाच्या नावावरचा लोकांचा विश्वास.

आता हे दार लावणे ज्याच्याकडे असते त्या माणसाचे, म्हणजे सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे काम पाहू. आज्ञावलीत दोष सापडला आणि निर्मात्याने त्यावर दुरुस्ती पाठविली म्हणजे ती विनाविलंब बसविणे; नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद करणे; ज्याला जेवढा अधिकार कामापुरता लागेल तेवढाच देणे; लोकांनी चढविलेल्या चित्रांच्या कप्प्यातून कोणतीही आज्ञावली चालू होणार नाही अशी तजवीज ठेवणे; डेटाबेस बाहेरच्या जगास दिसणार नाही असा आत बसविणे; साऱ्या माहितीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, मूळ यंत्रापासून तोडलेली अशी राखणे; आणि रोजनिशी नुसती लिहवून न घेता ती वाचणे. यातले एकही काम डोळ्यांत भरणारे नाही. ते चोख झाले तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडले नाही म्हणून कोणी त्याची पाठ थोपटीत नाही. पाटबंधाऱ्याच्या अभियंत्यास निदान धरण तरी दाखविता येते. या बिचाऱ्यास दाखविण्यास न झालेल्या चोऱ्यांखेरीज काय असते?

या कामांचे मूलतत्त्व नवीन आहे असेही नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचे जे प्रकरण आहे, त्यात गडाच्या दरवाजांविषयी एक विवेचन येते. गडास एकच दरवाजा असणे हा दोष मानून, जागा पाहून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात असे तेथे सांगितले आहे; परंतु लगोलग अशीही ताकीद आहे की, नित्याच्या राबत्यास लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून उरलेल्या बुजवून टाकाव्यात. सर्व्हरलाही असेच हजारो दरवाजे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि यंत्र नवे बसविताना सोयीसाठी उघडलेले पण पुढे विसरले गेलेले पोर्ट हे घुसखोराचे आवडते प्रवेशद्वार असते. सभासदाच्या बखरीवरून पाहता, शिवकालीन गडाचा कारभारही एकाच माणसाच्या हाती नव्हता. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे एकाच योग्यतेचे अधिकारी नेमून त्यांनी मिळून काम चालवावे अशी योजना होती, जेणेकरून एकजण फितूर झाला तरी गड जाऊ नये. आजच्या सर्व्हरवर सारे अधिकार 'रूट' नावाच्या एकाच खात्यात एकवटलेले, आणि त्याचा पासवर्ड चौघांना तोंडपाठ, ही स्थिती पाहिली म्हणजे आपण पूर्वजांच्या किल्ल्यांचे पोवाडे गातो पण त्यांची बंदोबस्ताची अक्कल मात्र शिकलो नाही, असे म्हणावेसे वाटते.

महाराष्ट्राने या बाबतीत धडे घेण्यास पुरेसे अनुभव गाठीस बांधले आहेत. १९०६ सालापासून चालत आलेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर २०१८ च्या ऑगस्टात जो प्रसंग गुदरला तो सर्वश्रुत आहे. ११ ऑगस्टचा दुसरा शनिवार गाठून, बँकेच्या एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या सर्व्हरच्या जागी घुसखोरांनी आपली बनावट यंत्रणा उभी केली, आणि अवघ्या काही तासांत २८ देशांतून सुमारे १२,००० व्यवहारांनी ७८ कोटी रुपये, शिवाय देशातल्या देशात २,८४९ व्यवहारांनी अडीच कोटी रुपये काढून नेले; मग १३ तारखेस बँकांच्या स्विफ्ट या संदेशयंत्रणेच्या मार्गाने आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका बँकेत वळविले. मंजुरी देणारे यंत्रच चोराचे, मग खात्यात पैसे आहेत की नाहीत हे कोण विचारणार? २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांस दोषी ठरविले. त्यांत एटीएमपुढे उभे राहून बनावट कार्डांनी नोटा काढणाऱ्या प्याद्यांचाच भरणा होता. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट २०१८ च्याच ऑक्टोबरात आणि सविस्तर चौकट ३१ डिसेंबर २०१९ रोजी घालून दिली. बैल गेला आणि झोपा केला, असे म्हणणे सोपे आहे. पण झोपा केला हेही काही कमी नाही, कारण आपल्या पुष्कळ संस्था बैल गेल्यावरही झोपा करीत नाहीत.

कॉसमॉसच्या प्रसंगाच्या आदल्या वर्षी, २७ जून २०१७ रोजी, न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे असलेल्या धक्क्याचे काम ठप्प झाले. मूळ आघात युक्रेनवर होता. तेथे हिशेब ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका आज्ञावलीच्या नियमित दुरुस्तीतून 'नॉटपेट्या' नावाचा विषारी प्रोग्राम सोडण्यात आला, आणि तो यंत्रामागून यंत्र गिळीत मर्स्कच्या जगभरच्या कचेऱ्यांत पोचला. ज्या छिद्रांतून तो पसरला त्यांतील प्रमुख छिद्र बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच दिली होती, आणि १२ मे च्या 'वॉनाक्राय'ने जगास तिची सक्त आठवणही करून दिली होती. मर्स्कच्या हकिगतीत एक प्रसंग असा आहे की तो कोकणच्या वाचकास विशेष रुचावा. त्या कंपनीच्या कोणत्या कर्मचाऱ्याने कोठल्या यंत्रात शिरावे याचा जमाखर्च ठेवणारे जे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते, ते एकमेकांची प्रत बाळगून असल्यामुळे त्यांची निराळी प्रत कोणी ठेवली नव्हती. सारे एकदम नष्ट झाल्यावर धावाधाव करता आफ्रिकेतल्या घाना देशाच्या कचेरीतील एक सर्व्हर तेवढा शाबूत सापडला, आणि तो शाबूत राहण्याचे कारण काय, तर हल्ल्याच्या वेळी तेथली वीज गेली होती! इतक्या बलाढ्य कंपनीस त्या एका यंत्राच्या आधारे पुन्हा उभे राहावे लागले, आणि तोटा २५ ते ३० कोटी डॉलरांच्या घरात गेला. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतावरून असेही कळते की कंपनीतील जाणकारांनी यंत्रणेच्या दुबळेपणाबद्दल आधीच सूचना दिली होती, सुधारणेची योजना मंजूर होऊन तिला पैसाही मिळाला होता; परंतु ती पार पाडणे हे वरिष्ठांच्या कामगिरीच्या मोजमापात नव्हते, म्हणून ती रेंगाळली.

येथे माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. जबाबदारी आणि अधिकार ही दोन वेगवेगळ्या माणसांच्या हाती असली म्हणजे जबाबदारी ही केवळ शिक्षेची आगाऊ सोय ठरते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे सर्व्हर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी अशाच खंडणीखोरांनी कोंडले, पाच सर्व्हरांवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती अडकली, आणि देशातील त्या सर्वश्रेष्ठ रुग्णालयाचा कारभार जवळजवळ दोन आठवडे हातांनी कागदावर करावा लागला. संसदेत शासनाने जे उत्तर दिले त्यात जाळ्याचे योग्य विभाजन झालेले नव्हते, हे कारण सांगण्यात आले. आता एवढ्या विस्तीर्ण संस्थेच्या जाळ्याचे विभाग पाडणे म्हणजे नवी यंत्रे, नवा खर्च, प्रत्येक विभागप्रमुखाची संमती. हे एखाद्या टेबलावरच्या माणसाने आपल्या अखत्यारीत उरकण्याचे काम नव्हे. असे असता संस्थेने निलंबित कोणास केले, तर दोन सिस्टिम अ‍ॅनालिस्टांस. त्यांचा दोष होता की नव्हता याचा निवाडा मी करीत नाही. पण ज्या दोषाचे स्वरूप रचनेचे आहे, त्याची शिक्षा दोघा नोकरांपाशी येऊन थांबावी, हे मला न्यायाचे वाटत नाही.

अमेरिकेतही हीच रीत दिसते. इक्विफॅक्स या पतमापन कंपनीतून २०१७ साली सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती गेली. दोष अपाची स्ट्रट्स नावाच्या घटकात होता, त्यावरील दुरुस्ती मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच उपलब्ध झाली होती, आणि चोर शिरले मे महिन्यात. एवढेच नव्हे, तर जाण्यायेण्याच्या माहितीवर नजर ठेवणारे यंत्रही त्याच्या प्रमाणपत्राची मुदत संपल्याने कित्येक महिने आंधळे होऊन बसले होते. या कंपनीचे पायउतार झालेले मुख्याधिकारी अमेरिकी लोकप्रतिनिधींपुढे साक्षीस उभे राहिले, तेव्हा दुरुस्ती न होण्याचे खापर त्यांनी एका कर्मचाऱ्याच्या चुकीवर फोडले. कोट्यवधी लोकांच्या माहितीची राखण जर एकाच माणसाच्या एका विसरण्यावर अवलंबून असेल, तर चूक त्या विसरणाऱ्याची की अशी व्यवस्था रचून तिच्या माथ्यावर बसलेल्याची? याच्या उलट वागणूक त्याच वर्षीच्या जानेवारीत गिटलॅब या कंपनीने दाखविली. रात्री उशिरापर्यंत थकून काम करणाऱ्या एका अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवर आज्ञा देऊन मूळ डेटाबेस पुसला. मग उघड झाले की प्रती ठेवण्याच्या पाच निरनिराळ्या व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती, आणि योगायोगाने काढलेल्या सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीवर निभावून न्यावे लागले. कंपनीने दुरुस्तीचे काम जगास उघड दाखवीत केले, सविस्तर कबुली छापली, आणि दोष त्या अभियंत्यावर न लोटता आपल्या व्यवस्थेवर घेतला.

एवढ्यावरून मी सर्व्हरच्या व्यवस्थापकांचा वकील झालो असे कोणी समजू नये. त्या वर्गाचेही काही दोष आहेत, आणि ते अज्ञानाचे कमी व अहंकाराचे अधिक आहेत. आपल्यावाचून कोणाचे चालू नये म्हणून काही एक लिहून न ठेवणारा, रात्री जागायला नको म्हणून दुरुस्ती 'पुढच्या आठवड्यात' ढकलणारा, प्रती रोज निघतात असे छातीठोक सांगून त्यांतली एकही प्रत पुन्हा उभी करून न पाहणारा, आणि घुसखोरी लक्षात आल्यावर लाजेखातर ती दडपणारा, असे सर्व नमुने या धंद्यात आहेत. यांतला शेवटचा सर्वांत घातक होय. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी अशी घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत तिची वर्दी देणे आणि रोजनिशीचे १८० दिवसांचे दप्तर राखणे बंधनकारक केले आहे. हा हुकूम जाचक आहे अशी ओरड झाली, पण दडपादडपीच्या आमच्या सवयी पाहता त्यात मला फारसे वावगे दिसत नाही. चांगला व्यवस्थापक कसा असावा याचे उदाहरण मी क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाचे देईन. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक आला. कोणीही खिशातून भरून टाकावा एवढाच तो फरक. पण या गृहस्थाने तो सोडला नाही, महिनोन्महिने माग काढला, आणि अखेरीस सोव्हिएत हेरखात्यास माहिती विकणारा घुसखोर जर्मनीत सापडला.

आमच्या भागात मात्र ७५ सेंटांचा माग काढण्याइतकी उसंत असलेला माणूस नेमलेलाच नसतो. संकेतस्थळ असते ते बहुधा कोणा पाहुण्याच्या पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या मुलाने शिक्षण चालू असता हौसेने करून दिलेले. पुढे तो नोकरीस लागतो, पासवर्ड त्याच्या जुन्या फोनमध्ये राहतात, नावाचे नूतनीकरण कोणी केले नाही म्हणून एके दिवशी ते नाव तिऱ्हाईताच्या हाती जाते, आणि न्याहारीचे दरपत्रक पाहू जाणाऱ्यापुढे पत्त्यांचा डाव मांडला जातो. शासकीय ठिकाणी याहून शिस्त असते, पण तिचे स्वरूप निविदेचे. सर्वांत कमी दराच्या ठेकेदारास काम, देखभालीचा करार वर्षाचा, करार संपल्यावर नूतनीकरणाची फाईल टेबलामागून टेबल, आणि मधल्या काळात सर्व्हर देवाच्या भरवशावर. ठेका दिला म्हणजे जबाबदारीही देऊन टाकली, असा जो समज कचेऱ्यांत रूढ आहे, तो कायद्यास मान्य नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने, माहितीच्या रक्षणाची वाजवी व्यवस्था न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे, आणि तो दंड माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर आहे, तिच्या ठेकेदारावर किंवा पगारी नोकरावर नव्हे.

हा प्रश्न आपल्या अंगणातला नाही असे ज्यास अजून वाटत असेल त्याने आंब्याकडे पाहावे. देवगड हापूसच्या नावाने भलताच आंबा विकला जातो या तक्रारीस कंटाळून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळाफळावर विशिष्ट क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याची योजना अमलात आणली. गिऱ्हाइकाने तिचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावे आणि उलट उत्तराने खात्री करून घ्यावी. योजना उत्तम आहे. पण तिचा अर्थ असा की, पिढ्यानपिढ्या सालीच्या रंगावरून आणि वासावरून होणारी आंब्याची पारख आता एका दूरच्या सर्व्हरच्या साक्षीवर आली. तो साक्षीदार फुटला, किंवा ऐन एप्रिलात मुका झाला, तर बागायतदाराच्या वर्षाच्या कमाईचे काय होईल, याचा विचार औषधफवारणीच्या विचाराइतकाच अगत्याचा ठरतो.

उपाय अवघड नाही, कारण तो आम्ही एका बाबतीत दरसाल करून दाखवितो. कुणकेश्वराच्या महाशिवरात्रीच्या यात्रेपूर्वी नियोजनाची जी बैठक होते, तीत पाणी कोणाकडे, वीज कोणाकडे, वाहनतळ कोणाकडे, समुद्रात स्नानास उतरणाऱ्यांवर लक्ष कोणाचे, हे खातेवार नेमून दिले जाते. आणि त्या माणसाला नुसते नाव न देता हाताखाली माणसे, साधने आणि अडल्यास नाही म्हणण्याचा अधिकारही दिला जातो. समुद्र खवळलेला असेल तर कोणासही पाण्यात उतरू न देण्याची मुखत्यारी ज्याला नाही, त्यास किनाऱ्यावर उभे करण्यात अर्थ नाही, हे आपणांस तेथे समजते. सर्व्हरच्या व्यवस्थापकालाही अशीच मुखत्यारी हवी: दुरुस्ती बसविण्यासाठी संकेतस्थळ दोन तास बंद ठेवण्याची, वरिष्ठाने घाईघाईने मागितलेला प्रवेश नाकारण्याची, आणि ज्या यंत्राचे आयुष्य संपले ते वापरातून काढण्याची. ती देऊनही त्याने गफलत केली तर त्यास खुशाल बडतर्फ करावे. ती न देता केलेली कारवाई हा लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचा प्रकार होय.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेस, किंवा आपण ज्या सोसायटीचे, पतपेढीचे, देवस्थानाचे अथवा शिक्षणसंस्थेचे सभासद असाल तिच्या वार्षिक सभेस जाल, तेव्हा ताळेबंदाबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या: आपला सर्व्हर कोणत्या पदावरच्या माणसाच्या ताब्यात आहे, माहितीची राखीव प्रत पुन्हा उभी करून शेवटी कधी पाहिली, आणि या कामासाठी यंदा किती रक्कम मंजूर केली. कोठली आज्ञावली, तिची आवृत्ती कोणती, असले तपशील चारचौघांत विचारू नयेत. ते चोरालाही उपयोगी पडतात. आणि 'पुण्याचा एक मुलगा बघतो' असे उत्तर आले, तर त्या मुलास पुढच्या सभेस बोलावून घ्या, त्याचे थकलेले मानधन आधी द्या, त्याच्या हाती नेमणुकीचे आणि अधिकाराचे पत्र ठेवा, आणि मग त्याच्याकडे हिशेब मागा.